वाचनाला टिपणांची जोड: डिजिटल टिपणांचा स्वाध्याय पहिल्यांदा देणाऱ्या शिक्षकांसाठी

अकरावी-बारावीच्या किंवा महाविद्यालयाच्या वर्गात ‘पुढच्या तासाला हा उतारा वाचून या’ असे सांगितले की बहुतेक मुले वाचून येतात, पण उताऱ्याविषयी पहिला प्रश्न विचारताच वर्ग गप्प होतो. मुले खोटे बोलत नसतात. त्यांची नजर ओळींवरून खरोखर फिरलेली असते, मात्र वाचताना कुठे थांबावे, कोणत्या विधानावर शंका घ्यावी आणि मनात आलेला प्रश्न कुठे ठेवावा, हे त्यांना कोणी करून दाखवलेले नसते. डिजिटल टिपणांचा स्वाध्याय नेमके हेच काम करतो. एकच उतारा सर्वांच्या स्क्रीनवर असतो, प्रत्येक विद्यार्थी त्यातील एखादा शब्द किंवा वाक्य निवडून त्याच्या शेजारी समासात स्वतःचे टिपण लिहितो, सोबत्यांची टिपणे वाचतो आणि त्यांना तिथेच उत्तर देतो. वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीच कोण कुठे अडखळले आहे, हे शिक्षकाला कळलेले असते.

हा लेख रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या किनारपट्टीच्या जिल्ह्यांत शिकवणाऱ्या आणि अशा स्वाध्यायाचा पूर्वानुभव नसलेल्या शिक्षकांसाठी आहे. पावसाळ्यात तासन् तास गेलेली वीज, घाटीखालच्या वाडीत न मिळणारी रेंज, घरात सर्वांत मिळून असलेला एकच मोबाइल आणि सकाळ-संध्याकाळ एसटीत जाणारा विद्यार्थ्यांचा वेळ या सगळ्या गोष्टी येथे गृहीत धरल्या आहेत, कारण त्या विसरून आखलेला स्वाध्याय पहिल्याच आठवड्यात कोलमडतो.

रंगवणे वेगळे, टिपण लिहिणे वेगळे

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्क्रीनवर मजकूर पिवळा करण्याची सोय मिळाली की मुले परिच्छेदच्या परिच्छेद पिवळे करतात आणि त्यालाच अभ्यास समजतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात अधोरेखन आणि हायलाइट करणे ही पद्धत कमी उपयोगाची ठरली, ‘हे असे का?’ असा प्रश्न स्वतःला विचारणे आणि वाचलेले स्वतःला समजावून सांगणे या पद्धती मध्यम उपयोगाच्या ठरल्या, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास वेळेच्या अंतराने विभागून करणे या दोन पद्धतींना वरचे स्थान मिळाले. स्वाध्याय कसा आखावा याची दिशा या निष्कर्षातूनच मिळते. खुणेसोबत वाक्य हवे, वाक्यात प्रश्न किंवा स्पष्टीकरण हवे आणि काही दिवसांनी त्याच उताऱ्याकडे परत येण्याची सोय हवी. शब्दाविना केलेली खूण स्वाध्यायात मोजली जाणार नाही, असा नियम मी पहिल्याच दिवशी सांगावा असे सुचवतो.

ही रीत आपल्याकडे परकी नाही. कोकणातल्या देवळात कीर्तन ऐकलेल्या मुलांनी पूर्वरंगात बुवा एकाच अभंगाच्या एकेका चरणापाशी कसे थांबतात, एखादा शब्द उचलून त्यावर शंका कशी घेतात आणि मग दाखला देऊन ती कशी सोडवतात, हे पाहिलेले असते. थांबून वाचणे म्हणजे काय हे मुलांना सांगताना हा दाखला द्यावा. तो त्यांना लगेच कळतो.

पहिली पायरी: उतारा निवडणे

पहिल्या स्वाध्यायासाठी ६०० ते ८०० शब्दांचा उतारा पुरेसा आहे. त्याहून मोठा उतारा घेतला की टिपणे पहिल्या दोन परिच्छेदांतच दाटतात आणि शेवटचा भाग कोरा राहतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाचणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते.

लांबीपेक्षाही उताऱ्याचा स्वभाव महत्त्वाचा आहे. केवळ माहिती देणाऱ्या, व्याख्या आणि सनावळ्यांनी भरलेल्या पानावर टिपण लिहिण्याजोगे फारसे काही नसते. ज्यात लेखक एखादे मत मांडतो, पुराव्यावरून निष्कर्षाकडे जातो किंवा काही गोष्टी न सांगता सोडतो, असा उतारा निवडावा. भूगोल किंवा पर्यावरणाच्या वर्गासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालातील काही पाने उपयोगी पडतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या विकासाचा प्रश्न त्या गटाकडे स्वतंत्रपणे सोपवला गेला होता, त्यामुळे वाचणाऱ्या मुलांचा त्या मजकुराशी थेट संबंध येतो आणि सहमत नसण्याची कारणेही त्यांच्याजवळ असतात. अहवाल इंग्रजीत असला तरी टिपणे मराठीत लिहायला काहीच हरकत नसते. उलट इंग्रजी मजकुराशेजारी मराठीत विचार करण्याची मुभा मिळाली की अनेक मुले पहिल्यांदा मोकळी होतात.

मराठी साहित्याच्या वर्गात प्रताधिकाराचा प्रश्न येतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. म्हणून १९०५ साली निधन पावलेले मालगुंडचे केशवसुत आणि १९५० साली निधन पावलेले पालगडचे साने गुरुजी यांचे लेखन आज मुक्त आहे, आणि असे बरेचसे साहित्य मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइल-संगणकावर तशीच दिसणाऱ्या आणि शोधता येणाऱ्या अक्षरांत मिळते. अलीकडच्या लेखकाचा उतारा घ्यायचाच असेल तर तो छोटा ठेवावा, वर्गापुरत्या बंद ग्रुपमध्येच ठेवावा, आणि लिंक बाहेर फिरू देऊ नये.

दुसरी पायरी: उतारा टिपणे घेण्याजोगा करणे

नवे शिक्षक सर्वांत जास्त अडतात ते या पायरीवर, आणि तिच्याविषयी कोणी सांगत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

मराठीतील पुष्कळ पीडीएफ दिसायला नीट असतात, पण त्यांवर टिपण घेता येत नाही. याची कारणे दोन आहेत. पहिले, पान केवळ छायाचित्राच्या रूपात असते, त्यात निवडता येईल असा मजकूरच नसतो. दुसरे, मजकूर असतो, पण तो श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असते. त्यामुळे शोध चालत नाही, आणि निवडलेल्या वाक्याचे अवतरण टिपणात भलतेच उमटते.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. पीडीएफमधील एक वाक्य निवडून कॉपी करावे आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून पाहावे. वाक्य जसेच्या तसे आले तर फाइल वापरता येते. अगम्य चिन्हे आली तर फॉन्ट जुना आहे, आणि वाक्य निवडताच आले नाही तर पान छायाचित्र आहे.

या दोन्ही प्रसंगी गुगल ड्राइव्हचा उपयोग होतो. फाइल ड्राइव्हवर चढवून ती संगणकावर ‘ओपन विथ’ या पर्यायातून गुगल डॉक्समध्ये उघडली की ड्राइव्ह चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर तयार करतो, आणि ही सोय मराठीसाठीही चालते. जुन्या फॉन्टच्या बाबतीत मात्र आधी पानाचे छायाचित्र किंवा स्क्रीनशॉट काढून ते चढवावे लागते, नाहीतर तीच खिचडी पुन्हा समोर येते. एका वेळी दोन-तीन पानांचीच छोटी फाइल घ्यावी. तयार झालेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, कारण रफार, अनुस्वार आणि ‘ध’ व ‘घ’ यांसारख्या जवळच्या आकारांच्या अक्षरांत चुका राहतात. ‘धन’चा ‘घन’ झालेल्या ओळीवर एखाद्या मुलाने मन लावून टिपण लिहिले, तर त्याचे श्रम आपल्यामुळे वाया जातात.

शेवटी प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यावा आणि दोन परिच्छेदांत एक मोकळी ओळ सोडावी. पुढे वर्गात ‘तिसऱ्या परिच्छेदातले दुसरे वाक्य’ असे म्हणता आले पाहिजे, आणि छापील प्रत वापरणाऱ्या मुलांनाही तोच क्रमांक हाताशी असला पाहिजे.

तिसरी पायरी: साधन ठरवणे

पहिल्या वेळेला गुगल डॉक्सच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना ते ठाऊक असते आणि मोबाइलवरील ॲपमध्ये शब्द निवडून कॉमेंट लिहिता येते. शेअर करताना ‘एडिटर’ऐवजी ‘कॉमेंटर’ हा अधिकार द्यावा, म्हणजे मूळ उतारा कोणाच्या हातून चुकून पुसला जाणार नाही. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून लॉग-इन करूनच लिहावे, अन्यथा टिपण कोणाचे हे कळत नाही. ‘रिझॉल्व्ह’ हे बटण दाबू नका, अशी सूचनाही आधीच द्यावी; ते दाबले की टिपण पुसले जात नाही, पण समासातून नजरेआड होते.

एक-दोन स्वाध्याय झाल्यावर आणि वेबवरील लेख किंवा मजकूर असलेल्या पीडीएफवर थेट टिपणे घ्यायची असतील तेव्हा हायपोथेसिस या मुक्तस्रोत साधनाकडे जावे. त्यात शिक्षक आपल्या वर्गाचा खाजगी ग्रुप तयार करतो, आमंत्रणाची लिंक पाठवतो आणि त्या ग्रुपमधील टिपणे फक्त सदस्यांनाच दिसतात. यातली सर्वांत नेहमीची चूक अशी की मुले वरच्या यादीतून ग्रुप न निवडता ‘पब्लिक’वरच लिहीत राहतात, म्हणून लिहिण्यापूर्वी ग्रुपचे नाव तपासण्याची सवय लावावी लागते. वेबपानाचा मजकूर नंतर बदलला तर टिपणे आपल्या जागेवरून सुटतात; बातम्यांच्या संकेतस्थळांवर हे घडते, तेव्हा स्थिर पाने निवडावीत. हार्वर्ड विद्यापीठात जन्मलेले पेरुसाल हे साधन टिपणांना आपोआप गुण देऊ शकते, पण मराठी टिपणांचे गुण यंत्रावर सोपवू नयेत असे मला वाटते. मुलाने मोडक्या वाक्यात विचारलेला चांगला प्रश्न शिक्षकच ओळखू शकतो.

चौथी पायरी: गट पाडणे

साठ मुलांचा वर्ग एकाच प्रतीवर आणला तर पहिल्या पंधरा जणांनंतर समासात जागा उरत नाही, आणि उशिरा येणारी मुले ‘सहमत’ एवढेच लिहून मोकळी होतात. उताऱ्याच्या सात-आठ प्रती कराव्यात आणि प्रत्येक प्रतीवर सात-आठ जणांचा गट ठेवावा. गट पाडताना एकाच गावची, एकाच एसटीने येणारी मुले शक्यतो वेगवेगळ्या गटांत विभागावीत. ती प्रवासात एकमेकांशी बोलतातच. त्यांच्या गटांतील वेगवेगळी चर्चा त्या गप्पांत आपोआप एकत्र येते. अबोल मुलांना मात्र त्यांच्या एखाद्या मैत्रिणीसोबत किंवा मित्रासोबत ठेवावे.

पाचवी पायरी: सूचना लिहिणे

‘उतारा वाचून तीन टिपणे लिहा’ ही सूचना अपुरी आहे. ती वाचून मुलांना काय लिहावे ते सुचत नाही आणि मग ‘छान माहिती’, ‘खूप उपयुक्त’ अशी टिपणे येतात. सूचना काय पाहायचे ते सांगणारी हवी. पहिल्या स्वाध्यायासाठी पुढील मजकूर जवळपास असाच वापरता येईल:

‘उतारा एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा वाचताना तीन जागी थांबा. पहिली जागा अशी निवडा, जिथे लेखकाचे म्हणणे तुम्हाला कळले नाही किंवा अर्धे कळले. नेमके काय कळले नाही ते लिहा. दुसरी जागा अशी निवडा, जिथे लेखकाने काहीतरी गृहीत धरले आहे असे वाटते. काय गृहीत धरले आहे आणि ते बरोबर नसेल तर काय होईल ते लिहा. तिसऱ्या जागी उताऱ्यातील गोष्ट तुम्ही पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा दुसरीकडे वाचलेल्या गोष्टीशी जोडा. प्रत्येक टिपण किमान दोन वाक्यांचे हवे. निवडलेला भाग एका वाक्यापेक्षा मोठा नसावा.’

शेवटची अट बारीक वाटते, पण स्वाध्यायाचे बरेचसे यश तिच्यावर अवलंबून आहे. अख्खा परिच्छेद निवडणाऱ्या मुलाने अजून वाचनाची जागा ठरवलेली नसते. ‘यावरून’ हा एकच शब्द निवडणाऱ्याने ती ठरवलेली असते.

नमुन्यादाखल एक उतारा

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहण्यासाठी कातळशिल्पांवरचा एक छोटा परिच्छेद घेऊ. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली असल्याने हा विषय मुलांच्या कानावर असतोच.

‘रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांवर माणसे, प्राणी आणि भौमितिक आकृत्या कोरलेल्या आढळतात. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे हत्तीची प्रचंड आकृती असून तिच्या आत अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी गेंड्याची आकृतीही दिसते. आज कोकणात गेंडा नाही. यावरून ही शिल्पे कोरली गेली तेव्हा येथील निसर्ग आजच्यापेक्षा वेगळा असावा, असे अभ्यासक मानतात.’

यावर येणारे पहिले टिपण बहुधा असे असते: ‘गेंडा हा शाकाहारी प्राणी आहे.’ विधान खरे आहे, पण उताऱ्याशी त्याचा संबंध नाही. ते इंटरनेटवरून उचललेलेही असू शकते. दुसरे असते: ‘आपल्या कोकणाचा अभिमान वाटतो.’ भावना प्रामाणिक आहे, तिला नाकारू नये, पण ‘कोणत्या वाक्याने अभिमान वाटला आणि का?’ असे खाली विचारावे.

आता ‘यावरून’ या शब्दापाशी थांबलेले टिपण पाहा: ‘गेंड्याचे चित्र आहे म्हणजे गेंडा इथेच राहत होता, असे लेखकाने धरले आहे. कोरणारे लोक दुसरीकडून आले असतील आणि तिकडे पाहिलेला प्राणी त्यांनी इथे कोरला असेल तर?’ या टिपणाखाली दुसरी विद्यार्थिनी लिहिते: ‘मग या भागात गेंड्याची हाडे सापडली आहेत का, ते पाहावे लागेल. चित्र आणि हाडे दोन्ही मिळाली तर म्हणणे पक्के होईल.’ इतिहासाच्या शिक्षकाला पुराव्याविषयी जे शिकवायचे असते ते मुलांनी इथे आपापसांत मांडलेले असते, आणि तेही पुरावा हा शब्द फळ्यावर न लिहिता.

तिसरे टिपण सड्यालगतच्या वाडीतल्या मुलाचे असू शकते: ‘आमच्या सड्यावर पावसात पाणी साचते, गवत वाढते. इतकी वर्षे या आकृत्या बुजून कशा गेल्या नाहीत? की काही बुजल्या असतील आणि अजून दिसल्याच नसतील?’ शहरातील कोणत्याही वाचकाला सुचणार नाही असा हा प्रश्न आहे. जोडणीचे टिपण मागण्यामागे हाच उद्देश असतो. मुलाजवळ असलेले गावचे ज्ञान वाचनात कामी येते, हे त्याला पहिल्यांदा दिसते.

हा नमुना वर्गात दाखवताना चांगली आणि कच्ची टिपणे शेजारी-शेजारी ठेवावीत आणि कोणते टिपण पुढचे वाचन उघडते, हे मुलांनाच विचारावे. प्रोजेक्टर नसेल तर फळ्यावर परिच्छेद लिहून बाजूला खडूने टिपणे लिहिली तरी चालते. त्यासाठी अर्धा तास द्यावा. हा वेळ वाचवू नये.

सहावी पायरी: मुदत आखणे

स्वाध्यायाला दोन मुदती असाव्यात. पहिल्या मुदतीत स्वतःची तीन टिपणे, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सोबत्यांच्या कोणत्याही दोन टिपणांना उत्तरे. एकच मुदत ठेवली तर सगळी टिपणे शेवटच्या रात्री येतात आणि उत्तर द्यायला कोणी उरत नाही. या अंतराचा दुसरा लाभ असा की मुले त्याच उताऱ्याकडे काही दिवसांनी परत येतात.

मुदत रात्री बाराची ठेवू नये. बहुतेक मुलांना महाविद्यालयात आल्यावर चांगली रेंज मिळते, म्हणून मुदत दुपारच्या सुट्टीनंतरची ठेवली तर ती पाळली जाते. जून ते ऑगस्टमधील स्वाध्यायांना एक दिवसाची वाढ आधीच जाहीर करावी. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर आणि जुलै २०२१ मधील चिपळूणच्या महापुरानंतर वीज आणि मोबाइल सेवा कशी कोसळते हे आपण अनुभवलेले आहे. साध्या मुसळधार पावसातही दुर्गम वाड्यांची तीच स्थिती होते. गणपती आणि शिमग्याच्या आठवड्यांत स्वाध्याय देऊच नये. त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते, आणि तेव्हा दिलेले काम मनापासून होत नाही.

रेंज नसलेल्या मुलांसाठी

उतारा गुगल डॉक्सच्या ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ वाचण्यासाठी आधीच साठवून ठेवता येतो. मुलांनी घरी वाचावे, टिपणे वहीत किंवा मोबाइलमध्येच लिहून ठेवावीत आणि रेंजमध्ये आल्यावर योग्य जागी डकवावीत. मराठी टंकलेखन अवघड जाणाऱ्यांना जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्ड ॲपमधील मराठी आवाजी टंकलेखन (बोललेले टाइप होण्याची सोय) दाखवावे. बोललेले वाक्य नंतर वाचून दुरुस्त करण्याची अट मात्र ठेवावी.

ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्यांना रुंद समास सोडून छापलेली प्रत द्यावी. त्यांच्या टिपणांचे छायाचित्र गटातील कोणी एकाने काढावे आणि तीच वाक्ये त्यांच्या नावासह डॉक्समध्ये टाकावीत, म्हणजे गटातील संवादात त्यांचा आवाज राहतो. या मुलांसाठी वेगळा, सोपा स्वाध्याय देणे मला योग्य वाटत नाही. साधन बदलावे, काम तेच ठेवावे.

सातवी पायरी: समासात शिक्षकाची हजेरी

शिक्षकाने प्रत्येक टिपणाला उत्तर देऊ नये. तसे केले की मुले एकमेकांशी बोलायचे सोडून शिक्षकाला उत्तरे देऊ लागतात, आणि शिक्षकही दुसऱ्या स्वाध्यायापर्यंत थकतो. पहिल्या मुदतीनंतर प्रत्येक गटात दोन किंवा तीनच ठिकाणी लिहावे. चुकीचे टिपण दिसले तरी लगेच दुरुस्त न करता ‘चौथा परिच्छेद पुन्हा वाचून पाहा, तिथे लेखक काय म्हणतो?’ असे लिहून मुलाला मजकुराकडे परत पाठवावे. दोन टिपणे एकमेकांच्या विरुद्ध असतील तर त्या दोघांना एकमेकांची टिपणे दाखवून द्यावीत. टिपणातील शुद्धलेखनाच्या चुका समासात कधीही काढू नयेत. सर्वांसमोर झालेली अशी एक दुरुस्ती त्या मुलाला पुढच्या वेळी गप्प करते.

आठवी पायरी: टिपणे तासाला आणणे

टिपणे लिहून झाली आणि वर्गात त्यांचा उल्लेखही झाला नाही, तर तिसऱ्या स्वाध्यायापासून मुले ती केवळ गुणांसाठी लिहितात. म्हणून तासाची सुरुवात समासातूनच करावी. आदल्या दिवशी सर्व प्रतींवरून नजर फिरवून तीन टिपणे निवडावीत: अनेकांनी विचारलेला एक प्रश्न, कोणीच न सोडवलेली एक शंका आणि खरोखर मतभेद झालेली एक जागा. टिपण लिहिणाऱ्याची संमती घेऊनच त्याचे नाव घ्यावे, नाहीतर ‘एका गटात असा प्रश्न आला आहे’ एवढेच म्हणावे. वर्गाने त्या तीन जागांवर बोलावे आणि शिक्षकाने आपले स्पष्टीकरण शेवटी द्यावे. ज्या भागावर एकही टिपण आलेले नाही तोही भाग पाहावा. तो सर्वांना कळला आहे की कोणी तिथपर्यंत पोहोचलेच नाही, हे एका प्रश्नाने लगेच उघड होते.

गुणदान, नक्कल आणि खाजगीपणा

अंतर्गत मूल्यमापनात दहा गुण ठेवायचे असतील तर तीन टिपणांना प्रत्येकी दोन, दोन उत्तरांना प्रत्येकी एक आणि तासानंतर लिहिलेल्या ‘माझे कोणते मत बदलले किंवा पक्के झाले’ या छोट्या परिच्छेदाला दोन, अशी विभागणी सोयीची पडते. टिपणाचे मत बरोबर की चूक यावर गुण देऊ नयेत. जागा नेमकी आहे का आणि वाक्य त्या जागेविषयी बोलते का, एवढेच पाहावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून टिपणे लिहून घेण्याचा मोह मुलांना होणारच. अशी टिपणे बहुधा गुळगुळीत, परिच्छेदाचा सारांश सांगणारी आणि कोणत्याही एका शब्दाला न चिकटलेली असतात. त्यावर बंदीपेक्षा चांगला उपाय सूचनेतच आहे: एका वाक्याची मर्यादा, स्वतःच्या गावच्या अनुभवाची जोड आणि तासाला ‘तू या शब्दावर का थांबलास?’ हा तोंडी प्रश्न. शंका आली तर मुलाला एकटे बोलावून विचारावे, समासात आरोप करू नये.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवतो. कनिष्ठ महाविद्यालयात हा स्वाध्याय सुरू करण्यापूर्वी प्राचार्यांना कल्पना द्यावी, पालकांना मराठीत एक पानी पत्र पाठवून संमती घ्यावी, खुल्या ग्रुपऐवजी बंद प्रत वापरावी आणि टिपणांत फोन नंबर, घरचा पत्ता किंवा घरातील खाजगी गोष्टी येणार नाहीत हे पाहावे. सत्र संपल्यावर प्रतींची लिंक बंद करावी. मुलांना आपली टिपणे हवी असतील तर त्यापूर्वी उतरवून घेऊ द्यावीत.

दुसरा आणि तिसरा स्वाध्याय

दुसऱ्या वेळी तीन ठरावीक प्रकारांपैकी एक काढून टाकावा आणि त्या जागी ‘तुम्हाला योग्य वाटेल ते टिपण’ असे मोकळे सोडावे. तिसऱ्या वेळी उतारा हजार-बाराशे शब्दांचा घ्यावा, प्रकार सांगूच नयेत, आणि प्रत्येक गटातील एका विद्यार्थ्याकडे तासाला मांडायच्या तीन जागा निवडण्याचे काम द्यावे. हे काम आळीपाळीने फिरले पाहिजे, आणि त्याची सुरुवात सर्वांत हुशार मुलापासून करू नये. सत्राच्या शेवटी पहिल्या स्वाध्यायाची प्रत पुन्हा उघडून मुलांना आपल्याच जुन्या टिपणाखाली एक नवे उत्तर लिहायला सांगावे, आणि त्या उत्तरांवरून पुढच्या सत्रातील उतारे निवडावेत.